रॅकूनची एकादशी

हायवेवर त्या चॉकलेटी रंगाच्या पाट्या असतात ना, अमुक स्टेट पार्क, पुढचा एक्झिट, त्यांच्यावरून आम्ही आठ-नऊ वर्षं नुसते पुढे जात राहिलो. आपलं कसं असतं, अमेरिकेत आलो की आधी नायगारा झाला पाहिजे, मग ग्रँड कॅन्यन, मग येलोस्टोन, आणि प्रत्येक ठिकाणी चार तास गाडी, वीस मिनिटं फोटो, परत चार तास गाडी. स्टेट पार्क म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आपली नगरपालिकेची बाग यायची, एक घसरगुंडी, दोन बाकडी आणि मध्ये बंद पडलेलं कारंजं. तिकडे जायला कशाला सुट्टी वाया घालवायची?

एवढी मूर्ख कल्पना माझ्या डोक्यात इतकी वर्षं टिकली याचं मला आता खरंच नवल वाटतं.

आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ, म्हणजे जिथे पटेल ब्रदर्समध्ये गवारी कोवळी आलीये की नाही यावर अर्धा तास चर्चा होते तो भाग. इथून तासाभरात पेनसिल्व्हेनियाची हद्द लागते, आणि त्या एका राज्यात सव्वाशेच्या आसपास स्टेट पार्क आहेत आणि एकालाही एंट्री फी नाही. न्यू जर्सीत उन्हाळ्यात बऱ्याच पार्कांना गाडीमागे पैसे घेतात आणि बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट असेल तर जास्त, पण पेनसिल्व्हेनियात सरळ गाडी घालायची आत, कोणी विचारत नाही. तंबू टाकून राहायचं असेल तर तेवढ्या जागेचे पैसे. याच्यामागे मॉरिस गॉडार्ड नावाचे एक गृहस्थ आहेत, १९५५ पासून चोवीस वर्षं त्या राज्याच्या जंगल-पाणी वगैरे खात्याचे मुख्य, आणि त्यांनी ठरवलं की राज्यातल्या प्रत्येक माणसाच्या घरापासून पंचवीस मैलांच्या आत एक स्टेट पार्क असला पाहिजे. सरकारी माणसाने असं काहीतरी ठरवावं आणि ते बऱ्यापैकी करूनही दाखवावं, हे ऐकून माझ्या बाबांनी मला तीनदा विचारलं, "सरकारी नोकरच होता ना नक्की?"

बाबा स्वतः सरकारी नोकर, किंवा जवळपास. एसटीत मेकॅनिक होते, कराड डेपोला रिटायर झाले. त्यांचं पुढे येईलच.

पहिलं कॅम्पिंग आम्ही केलं ते न्यू जर्सीतच, पार्कचं नाव नको, चूक पार्कची नव्हतीच. एका मोठ्या दुकानात सेलमध्ये तंबू घेतला, खोक्यावर लिहिलेलं सहा माणसांचा, आता ही सहा माणसं कोणत्या देशातली आहेत माहीत नाही कारण आम्ही चौघं त्यात डब्यातल्या करंज्यांसारखे एकावर एक होतो. तंबूच्या वरचं ते जे दुसरं कापड असतं, पावसाचं, ते नवऱ्याने लावलं नाही, म्हणाला आकाश निरभ्र आहे, जाळीतून तारे दिसतील. रात्री दीडला तारे गेले आणि पाऊस आला. मुलं गाडीत झोपली, मी गाडीत बसले, नवरा छत्री घेऊन तंबूच्या खुंट्यांशी मारामारी करत होता आणि सकाळी आम्ही जवळच्या एका डायनरमध्ये जाऊन गरम कॉफीच्या कपाला हात लावून गप्प बसलो. त्यानंतर दोन वर्षं घरात कॅम्पिंग हा शब्द काढायचा नाही असा अलिखित नियम होता.

मग हळूहळू शिकलो. आधी नुसते दिवसाचे जायला लागलो, डबा घेऊन. न्यू जर्सीत हाय पॉइंट नावाचा स्टेट पार्क आहे, तिथे राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण आहे, म्हणजे इथलं कळसूबाई. उंची किती, १८०३ फूट. आणि तिथे गाडी पार वरपर्यंत जाते. ज्या मुलीने बारावीच्या सुट्टीत कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढल्यात तिला हे बघून हसू येणारच, पण वर उभं राहिल्यावर तीन राज्यं दिसतात आणि वारा एकदम आपल्या घाटमाथ्यासारखा अंगावर येतो, तेव्हा हसणं बंद झालं.

तर आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ ला आई-बाबा उन्हाळ्यात इथे होते. त्यांना सगळीकडे फिरवून झालेलं, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, आणि बाबा प्रत्येक ठिकाणी छान आहे, छान आहे म्हणून बाकडं शोधायचे. चार जुलैचा लाँग वीकेंड शुक्रवार ते रविवार. त्या दिवसांत स्टेट पार्कमध्ये जागा मिळणं म्हणजे गणपतीत कोकणकन्येचं रिझर्व्हेशन. बुकिंग अकरा महिने आधी उघडतं आणि लाँग वीकेंडच्या जागा बघता बघता जातात, पण लोक कॅन्सल करतात, तर मी मे-जूनमध्ये रोज ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ती साइट रिफ्रेश करत बसायचे आणि एके दिवशी रिकेट्स ग्लेनमध्ये दोन रात्रींची एक जागा सापडली. घेतली. मग आईने कालनिर्णय बघितलं आणि म्हणाली, "रविवारी आषाढी एकादशी आहे."

मी म्हटलं अगं मग काय झालं, खिचडी तिथे करू. आई काही बोलली नाही. आई काही बोलत नाही म्हणजे तिने मनात सामानाची यादी सुरू केलेली असते.

रिकेट्स ग्लेन हा पार्क आमच्यापासून तीन-सव्वातीन तासांवर, ८० नंबरचा हायवे धरून डेलावेअर वॉटर गॅपच्या खिंडीतून पेनसिल्व्हेनियात शिरायचं आणि पुढे डोंगरात. १३ हजार एकर, एक मोठं तळं, आणि एकच ओढा आणि त्याचे दोन फाटे यांवर मिळून बावीस धबधबे, सगळ्यांना नावं दिलेली. जागा खरं तर रिकेट्स नावाच्या कर्नलची खाजगी मालमत्ता होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या लढाईत, तोफखान्यावर होता तो, युद्धानंतर त्याने इथे जमिनी घेत घेत ८० हजार एकर केल्या. तोपर्यंत हे धबधबे कोणाच्या फारसे ध्यानातच नव्हते म्हणे, १८६५ च्या सुमारास दोघं पाहुणे मासे पकडत पकडत ओढ्याने गेले आणि त्यांना दिसले. मग कर्नलने १८८९ ते १८९३ अशी चार वर्षं सहा माणसं लावून दरीतून पायवाट आणि दगडी पायऱ्या करून घेतल्या. म्हणजे बघा, एकीकडे याच माणसाच्या जमिनीवरचं हेमलॉकचं जंगल लाकडाच्या गिरण्यांसाठी सपासप कापलं गेलं, पैसा त्याच्यातून आला, आणि दुसरीकडे या दरीतली झाडं त्याने हात न लावता ठेवली. आणि धबधब्यांना नावं दिली मोहॉक, ओनायडा, कायुगा, सेनेका, डेलावेअर, ज्यांना या मुलखातून हाकलून दिलं त्या इथल्या मूळ लोकांची. उरलेल्यांपैकी बहुतेकांना आपल्या घरच्यांची आणि मित्रांची.

१९३० च्या दशकात हा नॅशनल पार्क व्हायचा होता, मंजुरीसुद्धा होती, पण दुसरं महायुद्ध आलं आणि ते बारगळलं, मग राज्याने जमीन विकत घेतली आणि १९४४ ला लोकांसाठी उघडला. नॅशनल पार्क झाला असता तर आमच्या ओळखीतले सगळे मराठी लोक इथे टिक मारून गेले असते. आता कोणाला सांगितलं तर विचारतात, कुठे? कोणता ग्लेन?

वाटेत शेवटी ४८७ नंबरचा रस्ता पार्ककडे चढतो तो एवढा खडा आहे की मोठे ट्रेलर ओढणाऱ्यांना पार्कवालेच सांगतात त्या बाजूने येऊ नका, उत्तरेकडून या. बाबा पुढच्या सीटवर होते. नवरा ऑटोमॅटिक गाडी नुसती दाबत होता तर बाबा हळूच म्हणाले, "जावईबापू, कुंभार्ली घाटात आपण असं नाही करत." आणि मग परतीच्या उतारावर काय करायचं याचं पूर्ण ट्रेनिंग दिलं, लो गिअर, ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही, मध्ये मध्ये सोडायचा. नवरा हो हो करत होता. (परत येताना त्याने तसंच केलं, मी बघितलं.)

जागा मिळाली होती ती तळ्यापासून जवळ, लेक जीन, कर्नलच्या मुलीचं नाव. प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल, एक लोखंडी कडं शेकोटीसाठी, आणि गाडी लावायला खडीचा तुकडा, बस. संडास-बाथरूम थोडं चालत, गरम पाण्याचं, आणि स्वच्छ. आईने सगळ्यात आधी जाऊन तेच बघितलं, परत आली आणि मान डोलावली. ती पसंतीची मान मला बारावीच्या रिझल्टनंतर पहिल्यांदाच दिसली असेल.

तंबू आता आमचा दुसरा आहे, चांगला. पण खुंट्या ठोकायला जी हातोडी लागते ती घरी राहिली, आणि इथली जमीन म्हणजे वर दोन इंच पाला आणि खाली दगड. बाबा म्हणाले दगड आणा. एक चपटा दगड घेऊन उकिडवे बसले आणि खुंटी सरळ न ठोकता तंबूच्या उलट्या बाजूला कलती करून ठोकली, दोरी ताणली, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला, तंबोऱ्याची तार लावल्यासारखं. एक खुंटी दगडाला लागून वाकली तर ती दुसऱ्या दगडावर ठेवून सरळ केली. सत्तरीतला माणूस, गेले दोन महिने सोफ्यावर कंटाळून बसलेला, त्या दिवशी त्यांना मी पहिल्यांदा गडबडीत बघितलं.

आणि लाकूड. इथे एक गोष्ट सांगते कारण नव्या लोकांना माहीत नसतं. घरून सरपण घेऊन यायचं नाही. आमच्या शेजारच्याने झाड पाडलेलं, फुकट लाकडं देत होता, मी मोहात पडलेले, पण लाकडाबरोबर किडे प्रवास करतात, ॲश झाडं पोखरणारा तो हिरवा भुंगा असाच पसरला, सरपणातून. त्यामुळे जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं. हेमलॉकचं तर आधीच वाईट चाललंय, त्याच्या पानांच्या खालच्या बाजूला पांढरा कापसासारखा ठिपका दिसतो, तो एक बारीक किडा, मूळचा जपानकडचा, रस शोषून झाड मारतो. दरीतली काही झाडं चारशे-पाचशे वर्षांची आहेत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या आधीची. आईने एकाला हात लावून नमस्कार केला, सवयीने.

शेजारच्या जागेवर एक आजी-आजोबा होते, मोठा पिकअप ट्रक आणि मागे घरासारखा ट्रेलर, दोघंही निवृत्त. संध्याकाळी आजोबांनी ट्रक सुरू केला आणि बाबांनी शेकोटीवरून मान वर केली. मी ओळखते ती मान. म्हणाले, "बेल्ट गेलाय त्याचा. नाहीतर पुली." मी म्हटलं बाबा जाऊ द्या. दोन मिनिटांनी बाबा तिकडे. बाबांचं इंग्रजी म्हणजे यस, नो, थँक्यू आणि पार्टची सगळी नावं. बॉनेट उघडलं गेलं. बाबांनी कानाजवळ हात नेऊन आवाज करून दाखवला, चीं चीं चीं, आजोबा म्हणाले यस यस, एक्झॅक्टली, आणि पुढचा पाऊण तास ते दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून होते, कोण कोणत्या भाषेत काय बोलत होतं देवाला माहीत. मुलाला दुभाषा म्हणून पाठवला तर तो परत आला, म्हणाला आजोबांना माझी गरज नाहीये. शेवटी शेजारच्या आजोबांनी बाबांना आपल्या टूलबॉक्समधले पाने दाखवले आणि बाबांनी एक एक हातात घेऊन वजन बघितलं. नायगाऱ्यात त्यांनी असं काही केलं नव्हतं.

रात्री नऊनंतर इथे आवाज करायचा नाही असा नियम आहे, आणि लोक पाळतात. दारू पार्कमध्ये चालत नाही, फटाके चालत नाहीत, चार जुलै असूनही. लांब कुठल्या तरी गावातून धडधड ऐकू येत होती तेवढीच. मला पवनेच्या काठचं ते कॅम्पिंग आठवलं, मागच्या भारतवारीत भावाने हौसेने नेलेलं, रात्री दोनपर्यंत शेजारच्या तंबूवाल्यांचा स्पीकर आणि पाण्यावर त्या लाईटी. तिथेही आकाश हेच असणार, दिसलं नाही एवढंच. इथे शेकोटी विझत आली आणि झाडांखाली काजवे सुरू झाले. मुलांना त्याचं काही विशेष नाही, इथे अंगणातही असतात. आई मात्र खुर्ची फिरवून पाठ आमच्याकडे करून बसली. लहानपणी पाटणला तिच्या आजोळी बघितलेले म्हणे, नंतर लाईट आली आणि गेले.

शनिवारी धबधबे. पूर्ण वाट ७.२ मैलांची आहे, पण वरचा एक फेरा आहे साधारण सव्वातीन मैलांचा, त्यात बावीसपैकी अठरा दिसतात, आम्ही तोच घेतला. सुरुवात लेक रोज नावाच्या पार्किंगपासून. आई तिथे उतरून विचारते, तळं कुठाय? तळं नाहीये. होतं पूर्वी, बांधलेलं, आता नुसतं नाव उरलंय. आईला हे अजिबात पटलं नाही, दिवसभर मध्ये मध्ये म्हणत होती, नसलेल्या तळ्याची पाटी कशाला लावायची.

एका फाट्याने खाली उतरायचं, जिथे दोन ओढे मिळतात तिथे बसायचं, संगमच म्हणा, आणि दुसऱ्या फाट्याने वर चढायचं. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या, वेड्यावाकड्या उंचीच्या, कठडा बहुतेक ठिकाणी नाही. आईच्या पायात स्पोर्ट शूज आणि अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली. आपल्या गडावरच्या पायऱ्या उतरायची तिची एक पद्धत आहे, आडवं व्हायचं आणि एक एक पाऊल बाजूने टाकायचं, तशी उतरत होती, आणि मागून येणारे धडधाकट तरुण अमेरिकन लोक थांबून तिला वाट देत होते आणि दोन ठिकाणी तर तिचं बघून तेही आडवे झाले.

सगळ्यात मोठा धबधबा गानोगा, ९४ फूट. सेनेका लोकांच्या भाषेत गानोगा म्हणजे डोंगरावरचं पाणी म्हणे. एका सरळ धारेत नाही पडत, पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावरून पसरत उतरतं, पदर सोडल्यासारखं. आम्ही सगळे गप्प. मग आई म्हणाली, "छान आहे. पण ठोसेघरपुढे काही नाही."

आता यात तिची तशी चूक नाही. आपल्याकडे धबधबा म्हणजे आषाढ-श्रावण, आणि ती जुलै महिन्यात आली होती त्या हिशोबाने. इथे उलटं असतं. इथे पाणी बर्फाचं, मार्च-एप्रिलमध्ये वितळलं की सगळं एकदम सुटतं, जुलैपर्यंत ओढा निम्मा झालेला असतो. मी तिला हे समजावलं तर म्हणाली मग जुलैत कशाला आणलंस. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबा संगमावरच्या खडकावर पाय पाण्यात सोडून बसले होते. अर्धा तास. कोणीही उठा म्हटलं नाही. नायगाऱ्याला आमच्या पुढच्या बोटीची वेळ होती, वॉशिंग्टनला पार्किंगचं मीटर होतं, इथे काहीच नव्हतं. मला तेव्हा कळलं की दोन महिने बाबा प्रत्येक ठिकाणी बाकडं का शोधत होते. त्यांना बसायचं होतं, आणि आम्ही त्यांना नुसतं दाखवत सुटलेलो.

परत आल्यावर सगळ्यांची गोचीड तपासणी. पेनसिल्व्हेनियात हरणांवरच्या गोचिडी फार, आणि त्यातून लाइम नावाचा आजार होतो, त्यामुळे जंगलातून आलं की गुडघ्यामागे, काखेत, केसांत, कानामागे बघायचं. मला वाटलं आई घाबरेल. आई म्हणाली गोचीड होय, आणि धाकट्याला मांडीत घेऊन असं काही बघितलं की बास, तिच्या माहेरी चार म्हशी होत्या. एक सापडली, मोज्याच्या कडेला, तिळाएवढी. आई नखाने ओढायला निघाली होती, मी ओरडले, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची असते, पण ती अजून चावलीच नव्हती, नुसती चालत होती. आई म्हणाली आमच्या म्हशीच्या गोचिडी करवंदाएवढ्या असतात, ही काय.

आणि आता एकादशी.

पार्कमध्ये अस्वलं आहेत, त्यामुळे खाण्याचं सगळं रात्री गाडीत बंद करायचं हा नियम, आम्ही पाळतोच. पण गाडीत कूलर होता, कूलरमध्ये अंडी आणि मुलांचे चिकन सॉसेज. आणि आईने उपासाचं सामान एका वेगळ्या कापडी पिशवीत आणलेलं. साबुदाणा स्टीलच्या डब्यात भिजत घातलेला, दाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेले बटाटे, मिरच्या. ती पिशवी अंड्यांच्या शेजारी? मी म्हटलं आई ठेव गं, काही होत नाही. ती हो म्हणाली. मी झोपले.

रात्री कधीतरी आवाज आला, स्टील दगडावर घरंगळल्याचा. नवऱ्याला हलवलं तर म्हणाला वारा आहे. वारा डब्याचं झाकण उघडतो का? चांदणं चांगलं होतं, दशमीचा चंद्र, तंबूच्या जाळीतून बघितलं तर टेबलावर तीन रॅकून, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला इथला तो रानटी प्राणी. एक मोठा, दोन लहान. रॅकूनचे हात बघितलेत का कधी जवळून? बोटं आहेत त्याला, माकडासारखी, आणि तो मोठा जो होता त्याने राजगिऱ्याचा लाडू दोन्ही हातांत धरून, फिरवून फिरवून, इतक्या शांतपणे खाल्ला की मला ओरडताच येईना. कुटाचा प्लास्टिकचा डबा पिल्लांनी उघडलेला, तोंडं पांढुरकी. साबुदाण्याचा डबा काही त्यांच्याने उघडेना, त्यांनी तो टेबलावरून ढकलला, झाडापर्यंत लोळवला, आणि सोडून दिला. स्टीलचा डबा, घट्ट झाकण, कराडच्या मार्केटमधला. बाबांनी बाजूच्या तंबूतून बॅटरी मारली, सहा डोळे चमकले, आणि मग ते अजिबात न घाई करता निघून गेले.

सकाळी आई टेबलापाशी उभी. तिने कोणालाही काही म्हटलं नाही. मी पण काही म्हटलं नाही, जरी पिशवी टेबलाखाली ठेवलेली कोणी ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. एकादशीच्या दिवशी, साबुदाणा आहे, कूट नाही. बटाटेही गेले.

एवढ्यात शेजारच्या आजी कॉफीचा कप घेऊन आल्या, त्यांनी रात्रीचा आवाज ऐकला होता, हसत हसत विचारलं काय काय नेलं. मी सांगितलं शेंगदाण्याची पूड. त्या ट्रेलरमध्ये गेल्या आणि खारे दाणे भरलेला एक मोठा डबा घेऊन आल्या, भाजलेले. आईचा चेहरा उजळला आणि लगेच परत पडला. म्हणाली, "तेल कसलं आहे बघ."

मी डबा फिरवून वाचलं. शेंगदाण्याचं आणि किंवा सरकीचं तेल, असं लिहिलेलं.

"आणि किंवा म्हणजे काय?"

आता काय सांगायचं. आणि म्हणजे दोन्ही, किंवा म्हणजे एक. कंपनीला जे स्वस्त मिळेल ते. आई म्हणाली त्यांना माहीत नाही त्यांच्या डब्यात काय आहे? मी म्हटलं माहीत असेल, आपल्याला सांगत नाहीत. मीठ समुद्राचं आहे का वगैरेपर्यंत गोष्ट गेली. बाबा दगडावर बसून बूट घालत होते, तिथूनच म्हणाले, "पांडुरंग काय डबा वाचत बसलाय? वारीत लोक देतील ते खातात."

आईने दाणे एका झिपलॉकच्या पिशवीत घातले, बाबांनी खुंट्या ठोकायचा तोच चपटा दगड धुऊन दिला, आणि टेबलावर कूट झालं. खिचडीत मीठ घातलं नाही, दाण्यांचंच पुरलं. इथल्या त्या छोट्या गॅसवर आच एका बाजूला जास्त लागते म्हणून आई कढई सारखी फिरवत होती, आणि तूप-जिऱ्याचा वास तळ्याच्या बाजूला गेला तशी दोन-तीन कुत्री माणसांना ओढत आमच्या वाटेने आली. शेजारच्या आजी-आजोबांना पानं वाढली. आजोबांनी साबुदाणा चमच्याने उचलून बघितला आणि विचारलं हा टॅपिओका आहे का, त्यांच्याकडे त्याची गोड खीर करतात, मिरची घातलेला जन्मात पहिल्यांदा खाल्ला. दुसऱ्यांदा मागून घेतला. बाबांनी फोनवर पंढरपूरची महापूजा लावली होती पण रेंज एक दांडी, विठ्ठलाचं फक्त अर्धं तोंड येऊन थांबलेलं, तसंच टेबलावर ठेवून सगळ्यांनी खाल्लं.

निघताना बाबांची एक खुंटी काही निघेना. इतकी ठोकलेली. शेवटी तशीच सोडली तिथे. नियमाने सोडायची नसते, मला माहितीये, दोन माणसं लटकून बघितली, नाही निघाली.

यंदाची आषाढी २५ जुलैला आहे, शनिवारी. गेल्या ऑगस्टमध्ये बुकिंग उघडल्या उघडल्या मी तीच जागा घेऊन ठेवलीये. आई-बाबा यावेळी नसणार, व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर बाबांनी विचारलं खुंटी आहे का बघ, आणि आईने मागून, फोनमध्ये न येता, "कूट गाडीत ठेव म्हणावं तिला."